ताई ची: आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी

मोबाइल भिंतीला टेकवायचा, व्हिडिओ लावायचा, समोरचा जसे हात फिरवतो तसे आपणही फिरवायचे, आणि पंधरा दिवसांनी गुडघ्याला बाम चोळत बसायचं. ताई ची या सावकाश हालचालींच्या चिनी युद्धकलेची सुरुवात आपल्याकडं बरेच जण अशीच करतात. हात डोळ्यांना दिसतात म्हणून आधी हात शिकले जातात. पायावरचं वजन दिसत नाही, ते राहून जातं. मग काही जण 'आपल्याला हे जमायचं नाही' म्हणून सोडून देतात, तर काही थेट दुसऱ्या टोकाला जाऊन 'ऊर्जा फिरवण्या'च्या मागं लागतात.

खालचा क्रम असा आहे: उभं राहणं, वजन बदलणं, बादुआनजिन या चिनी व्यायामाच्या आठ हालचाली, श्वास, आणि मग ताई चीचा संच, म्हणजे सलग जोडलेल्या हालचाली. हा क्रम मोडू नका. पहिल्या दोन टप्प्यांना प्रत्येकी दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या, पुढचे सगळे टप्पे त्यांच्यावरच उभे राहतात.

## सुरू करण्याआधी: तब्येत, जागा, वेळ

तब्येत. पुढचा कुठलाही त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला: आटोक्यात नसलेलं बीपी, मधुमेहामुळं डोळ्याच्या पडद्याला झालेला त्रास, काचबिंदू, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चक्कर, ठिसूळ हाडं, बदललेला गुडघा. गरोदर बायकांनीही विचारूनच सुरू करावं. यातल्या बहुतेकांना सराव वर्ज्य नसतो, काही हालचाली गाळाव्या लागतात. त्यातल्या काही त्या-त्या ठिकाणी सांगितल्यात, बाकीच्या डॉक्टरांना विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी उपाशी पोटी करू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. बाकीच्यांनी आधी अर्धा कप चहा घेतला तर बिघडत नाही. जेवणानंतर मात्र दोन तास जाऊ द्या.

थांबा: या सरावाच्या भरवशावर बीपीची किंवा शुगरची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आकडे सुधारले तर डोस डॉक्टर कमी करतील.

जागा. मराठवाड्यात मोकळी जागा भरपूर, पण पायाखालची जमीन बघून घ्यावी लागते. शाळेच्या मैदानात सराटे असतात. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात पायाला ढेकळासारखा चिकटणारा चिखल. दव पडलेली हिरवळ छान दिसते, पण तिच्यावर पाय घसरतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे अंगणातली किंवा ओसरीतली कोरडी शहाबादी फरशी. दोन फरश्यांमधली सरळ दर्ज पुढं फार कामाला येणार आहे. उभं राहायला आणि बादुआनजिनला सतरंजीएवढी जागा पुरते, संचाला चार-पाच मीटर लांबी लागते.

वेळ. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा मोह टाळा. दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेसुद्धा गरम लागतो. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत आटपा आणि आधी ग्लासभर पाणी प्या. डिसेंबर-जानेवारीत उलट, थोडं ऊन वर येऊ द्या, गार फरशीवर अनवाणी उभं राहू नका.

पायात काय? पातळ, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. पळायच्या बुटांची टाच जाड असते, त्यामुळं अंग पुढं कलतं. चप्पल तर नकोच, पाऊल वळवताना तीच आधी दगा देते. पाचवारी साडीत पाऊल मोकळं पडत नाही, पंजाबी ड्रेस बरा. नऊवारी मात्र चालते.

## टप्पा 1: नुसतं उभं राहणं

चिनी सरावात याला झान झुआंग म्हणतात. दिसायला यात काहीच नाही, म्हणून हाच टप्पा सगळे गाळतात.

1. पाय खांद्याएवढ्या अंतरावर ठेवा. पावलांच्या बाहेरच्या कडा फरशीच्या दर्जेला समांतर. आपल्याला बोटं बाहेर काढून उभं राहायची सवय असते, म्हणून पावलं सरळ ठेवली की ती आत वळल्यासारखी वाटतात. वाटू द्या.
2. गुडघे सैल करा. खुर्चीवर बसायला निघालो आणि दोन बोटं खाली जाऊन थांबलो, एवढंच. जास्त वाकण्यात शौर्य नाही.
3. माकडहाड खाली सोडा. ते पुढं ढकलायचं नाही आणि कमरेत खळगाही पाडायचा नाही.
4. छाती फुगवू नका. शाळेत 'सावधान' म्हटल्यावर जे करायचो, ते इथं विसरायचंय. खांदे खाली, काखेत मुठीएवढी पोकळी.
5. हनुवटी जराशी आत, डोक्याचा माथा वर. जिभेचं टोक वरच्या दातांमागं टाळूला हलकं टेकलेलं. डोळे मिटू नका, अर्धे उघडे ठेवा. मिटले की तोल जातो.
6. वजन तळव्यावर तीन ठिकाणी वाटलेलं असावं: टाच, अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा.

तपासा: उभ्या-उभ्या पायाची बोटं हलवा. ती फरशी आवळून बसली असतील तर वजन पुढं गेलंय. बोटं उचलताना मागं पडल्यासारखं वाटलं तर ते टाचेवर गेलंय.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं. मग दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा, दहा मिनिटं झाली की पुरे. पाच मिनिटं आरामात जमायला लागली की हात समोर उचला, रांजण कवेत घेतल्यासारखे, खांद्याच्या खाली आणि बेंबीच्या वर. हात दुखले तर खाली घ्या, पण उभं राहणं मोडू नका.

मांड्या थरथरतील. ते चांगलं लक्षण आहे, स्नायू काम करतोय. जांभया येतील, डोळ्यांतून पाणी येईल, तेही चालतं. गुडघ्याच्या वाटीत कळ आली तर मात्र लगेच उंच व्हा.

थांबा: गुडघे ताठ करून बराच वेळ स्थिर उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि भोवळ येऊ शकते. डोळ्यांपुढं अंधारी आली तर 'अजून एक मिनिट' करू नका, खाली बसा.

इथं एक गोष्ट सांगतो. सरावाला एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, आमची सगळी नोकरी उभ्यानंच झाली. आता पुन्हा उभं राहायला शिकू का?" म्हटलं, "मामा, तुमच्या चपला जरा उलट्या करून दाखवा." उजव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगानं घासून पार तिरकी झालेली, डावी जवळपास कोरी. खांद्याला पिशवी, एक पाय दरवाज्याच्या दांड्याला, सगळा भार दुसऱ्या पायावर. वर्षानुवर्षांचं उभं राहणं त्या चपलेवर उमटलेलं होतं. तुम्हीही जुन्या चपला उलट्या करून बघा. ज्या कडेला झीज जास्त, तिकडं वजन जातंय. उभं राहताना ते हळूच उलट बाजूला आणा.

## टप्पा 2: वजन एका पायावरून दुसऱ्यावर

ताई चीत एक पाय भरलेला आणि एक रिकामा असतो. दोन्हीवर निम्मं-निम्मं वजन ठेवून फिरायला गेलात की गुडघा पिळतो. हात कमरेवर ठेवून नुसते पायच शिका.

1. उभं राहून सगळं वजन डाव्या पायावर न्या. घाई नको, सावकाश दहापर्यंत मोजा. उजवा पाय इतका रिकामा व्हावा की अंग न हलता टाच उचलता येईल. मग उलट बाजू.
2. आता पाऊल पुढं. डावा गुडघा सैल, उजव्या पायाची टाच समोर टेकवा, अजून तिच्यावर भार द्यायचा नाही. दोन पावलं एका रेषेत यायला नकोत, मधे आडवं एक वीतभर अंतर हवं. दर्जेच्या एका बाजूला एक पाऊल, दुसऱ्या बाजूला दुसरं.
3. मग तळवा टेकवत वजन पुढं सरकवा. पुढच्या पायावर साधारण 70 टक्के, मागच्यावर 30. मागचा गुडघा पूर्ण ताठ करू नका.
4. वळायचं असेल तर आधी वजन मागं घ्या, पुढचं पाऊल रिकामं करा, टाचेवर वळवा, आणि मगच भार द्या.

यातली चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. भार असलेलं पाऊल जागच्या जागी वळवलं की पिळा गुडघ्यात जातो, कारण गुडघा बिजागरीचा सांधा आहे. वळण्याचं काम खुब्याचं. 'ताई चीनं गुडघे गेले' असं सांगणाऱ्या माणसाचं पाऊल बघितलं की दहातल्या नऊ वेळा हीच चूक दिसते. बाकीच्या चुका ठरलेल्या: पाऊल फार लांब टाकणं, गुडघा बोटांच्या पुढं नेणं, आणि गुडघा आत पडणं. गुडघ्याची दिशा कायम दुसऱ्या बोटाच्या दिशेनं हवी.

तपासा: पाऊल टाकताना मधेच थांबा. ते तसंच परत उचलता आलं पाहिजे. आलं नाही तर तुम्ही पाऊल टाकलं नाही, त्याच्यावर पडलात. दुसरी खूण आवाजाची: फरशीवर टाच 'धप्' वाजली तरी अर्थ तोच.

साठीच्या पुढच्यांनी खिडकीचे गज किंवा जड खुर्चीची पाठ हाताशी ठेवावी. आमच्या एक मावशी पहिला महिनाभर दाराची चौकट सोडत नव्हत्या. "गुडघे दुखायलेत हो सर," एवढं एकच वाक्य. त्यांचं पाऊल निम्मं केलं आणि अंग उंच ठेवलं, तेव्हा कुठं त्यांनी चौकट सोडली. उंच उभं राहून केलेली ताई ची पूर्ण ताई चीच असते.

## टप्पा 3: बादुआनजिनच्या आठ हालचाली

हा आठ हालचालींचा ची गोंगचा, म्हणजे श्वास आणि सावकाश हालचालींच्या चिनी सरावाचा, संच आहे. प्रत्येक हालचाल 6 वेळा (बाजू असतील तिथं दोन्हीकडं 3-3), शेवटची 7 वेळा. सगळं मिळून साधारण 12 मिनिटं. तेच 5 मिनिटांत उरकत असाल तर तुम्ही कवायत करताय.

योगासनं करून आलेल्यांसाठी एक सूचना: इथं ताण शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा नाही. शंभरपैकी सत्तरवर थांबायचं. कोपर आणि गुडघा कधीच पूर्ण ताठ होत नाही.

1. दोन्ही हातांनी आकाश पेलणं. बोटं गुंतवून तळवे वर. कमरेत कमान पडू देऊ नका. खांदा आखडलेला असेल तर हात कपाळापर्यंतच न्या.
2. डावी-उजवीकडं धनुष्य ओढणं. पाय फाकवून, पण उथळ. लोक इथं मांडी जमिनीला समांतर करायला बघतात. गरज नाही. छाती उघडली पाहिजे, बस.
3. एक हात वर, एक खाली. वरचा खांदा कानाला लागू देऊ नका.
4. मागं वळून पाहणं. हात बाजूला, तळवे बाहेर फिरवत मान वळवायची. कंबर वळवून मान वळल्याचं समाधान करून घेऊ नका. मणक्याचा किंवा चक्करचा त्रास असणाऱ्यांनी निम्मंच वळावं.
5. डोकं आणि माकडहाड झुलवणं. आठांतली सगळ्यात अवघड. बीपी, चक्कर, कंबरदुखी असेल तर गाळा, नाहीतर हात मांडीवर ठेवून डोकं कमरेच्या वर राहील एवढीच करा. व्हिडिओत माणूस जमिनीपर्यंत जातो, तो रोज करणारा असतो.
6. हात पाठीवरून, पायांच्या मागून खाली नेणं. गुडघे सैल ठेवा. गादी सरकलेली असेल, काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर हात गुडघ्यांच्या मागच्या बाजूपर्यंतच. डोकं खाली लोंबकळू द्यायचं नाही. वर येताना सावकाश. भोवळ बहुधा इथंच येते.
7. मूठ आवळून नजर रोखणं. मूठ पुढं जाताना श्वास बाहेर. जबडा आवळून, श्वास कोंडून केलं की बीपी वाढतं.
8. टाचा उचलून टेकवणं. मूळ प्रकारात टाच हलका झटका देऊन टेकवतात. हाडं ठिसूळ असतील, टाच दुखत असेल तर अलगद टेकवा, आणि भिंत जवळ असू द्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावरचे लोक म्हणतात, दिवसभर राबल्यावर व्यायाम कशाला. त्यांचं बरोबरच आहे, त्यांना अजून कष्टांची गरज नाही. पण दिवसभर अंग पुढं वाकलेलं असतं, म्हणून त्या दिवसांत फक्त पहिली, दुसरी आणि चौथी हालचाल संध्याकाळी करावी. पाच मिनिटांचं काम आहे. बाकी सुगी संपल्यावर.

## टप्पा 4: श्वास, आणि 'ची'चं काय करायचं

पहिले दोन महिने श्वासाकडं बघूच नका. नाकानं येतोय, जातोय, झालं. हालचाली अंगवळणी पडल्यावर एवढंच जोडा: हात वर जाताना किंवा उघडताना श्वास आत, खाली येताना किंवा मिटताना बाहेर. हालचाल लांब आणि श्वास तोकडा पडला तर मधे एक श्वास घ्या, ताणू नका.

थांबा: इथं कुंभक म्हणजे श्वास रोखणं नाही, बंध नाही, पोट आत ओढणं नाही. प्राणायाम करायचा असेल तर वेगळ्या वेळी करा. दोन्हींची खिचडी केली की छाती भरल्यासारखी होते आणि डोकं जड होतं. श्वास आत घेताना पोट आत ओढण्याचा एक उलटा प्रकार चिनी सरावातही आहे, पण तो समोर शिक्षक असल्याशिवाय करण्याचा नाही.

लक्ष ठेवायचं ते बेंबीच्या तीन-चार बोटं खाली, पोटाच्या आतल्या भागात. याला दानतिएन म्हणतात. ताओवादी या जुन्या चिनी परंपरेत ची, म्हणजे अंगातली जीवनऊर्जा, इथं साठते असं मानतात. ची मोजणारं यंत्र कुठल्या दवाखान्यात नाही. तरी तिथं लक्ष ठेवल्यानं खांदे उतरतात, श्वास खाली जातो आणि तोल सुधारतो, एवढं तुम्ही स्वतःच पडताळू शकता. तळहात गरम होतील, मुंग्या येतील. अंग सैल पडून रक्त खेळायला लागल्यावर असं होतं. ते शोधत बसू नका आणि नाही आलं म्हणून खंत करू नका.

पाठीच्या कण्यातून ऊर्जा वर चढवून पुढून खाली उतरवण्याचा जो प्रकार आहे, तो पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून करू नका. ही उगाच घातलेली भीती नाही. अतिरेकी ची गोंग सरावातून उद्भवणाऱ्या मानसिक त्रासाची नोंद चिनी वैद्यकात आहे आणि अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 1994 सालच्या निदानपुस्तिकेतही होती. झोप उडणं, छातीत धडधड, कानात आवाज, विचित्र भास यांपैकी काही झालं तर डोळे मिटून करायचा सगळा सराव बंद करा. चालणं, घरकाम, पोटभर जेवण यांवर या आणि त्रास दोन दिवसांत ओसरला नाही तर डॉक्टर गाठा. पूर्वी मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी उभं राहणं आणि हालचाली एवढ्यावरच थांबावं.

## टप्पा 5: ताई चीचा संच

शिकायला 24 हालचालींचा संच घ्या. तो चीनच्या क्रीडा खात्यानं 1956 मध्ये ताई चीच्या यांग घराण्याच्या शैलीवरून लोकांसाठीच बसवला. सावकाश केला तर साधारण सहा मिनिटं लागतात. शिंगयी आणि बागुआ याही ताई चीच्याच जातीच्या चिनी युद्धकला, पण बागुआत गोल चालताना पावलं सतत आत-बाहेर वळतात, त्यामुळं दुखऱ्या गुडघ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

1. पाठमोऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ निवडा. समोर तोंड करून उभ्या असलेल्याची नक्कल केली की डावं-उजवं उलटं बसतं, आणि मग चार लोकांत करताना तुम्ही एकटेच दुसरीकडं तोंड करून उभे असता.
2. आठवड्याला एक हालचाल. त्यात पहिले दोन दिवस फक्त पाय, हात कमरेवर.
3. तिसऱ्या दिवशी कंबर. बेंबी जिकडं वळते तिकडं छाती वळली पाहिजे.
4. मग हात. हात स्वतःहून जात नाहीत, कंबर वळली की जातात. हे समजायला महिना लागतो, त्याआधी हात वेगळे तरंगत राहतात. राहू द्या.
5. नवी हालचाल जोडण्याआधी मागच्या सगळ्या सलग करा. अडखळलात तर त्या आठवड्यात नवीन नाही.

म्हणजे सगळा संच बसायला सहा महिने. व्हिडिओवाले सात दिवसांत म्हणतात. सात दिवसांत हात पाठ होतात.

तपासा: सुरुवातीला डोकं जितकं उंच होतं, मुद्दाम खाली जाण्याच्या हालचाली सोडल्या तर शेवटपर्यंत तितकंच राहिलं पाहिजे. कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा आणि डोक्यामागच्या भिंतीवरची एखादी रेघ बघा. डोकं वर-खाली होत असेल तर टप्पा 2 वर परत.

## टप्पा 6: सराव बंद करणं

संच संपला की चप्पल घालून निघू नका. दोन्ही तळहात बेंबीखाली एकावर एक ठेवून दोन मिनिटं उभं राहा. तळवे चोळून तोंडावरून फिरवा, मांड्या-पोटऱ्यांवर हलक्या थापट्या मारा, अंगणात दोन-तीन चकरा टाका. घाम वाळल्यावर आंघोळ.

## रोजचं गणित आणि गुडघ्याची परीक्षा

आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते यात बसतं. सुरुवातीला उभं राहण्याचा वाटा मोठा ठेवा, पुढं संच वाढेल तसा तो पाच मिनिटांवर आणा, पण कधी शून्य करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना स्वतःची परीक्षा घ्या. मांडीच्या पुढच्या भागात दुखलं तर सराव बरोबर चाललाय. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा वाटीखाली दुखलं तर उंची वाढवा, पाऊल आखूड करा आणि वळताना वजन मागं येतंय का ते बघा. आठ दिवसांत फरक पडला नाही किंवा गुडघा सुजला तर संच बंद, हाडांच्या डॉक्टरांकडं जा.

शिक्षक मिळाला तर त्याच्याकडं जरूर शिका. पहिल्या दिवशी तो तुमची पावलं बघतो की नाही, दुखणी विचारतो की नाही, एवढं पाहा. हात लावून 'ऊर्जा देतो' म्हणणाऱ्याला, आजार बरा करण्याची हमी देणाऱ्याला किंवा गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

लग्नसराईत, प्रवासात खंड पडतोच. तेव्हा कार्यालयाच्या कोपऱ्यात, एसटीची वाट बघत, कुठंही पाच मिनिटं टप्पा 1 करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर परत आल्यावर पहिले तीन दिवस फक्त टप्पा 1 आणि 2, आणि चौथ्या दिवशी संच.